पऱ्हाटीचा धूर आणि पऱ्हाटीचा कोळसा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण. स्मरणिकेसाठी वक्त्यांनी स्वतः लिहून दिले आहे. वक्ते बी. ए., बी. एड. असून सेमाडोह येथे सहशिक्षक आहेत.)



चिटणीस साहेबांनी मला जेव्हा विषय विचारला तेव्हा मी "कोळसा" असे उत्तर दिले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "गुरुजी, संमेलनात शिक्षणावर बोलतात." मी म्हटले, शिक्षणावरच बोलतो आहे, फक्त सुरुवात वावरातून करतो. मी इतिहास-भूगोल शिकवणारा माणूस आहे. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला होता, तो वयाच्या तिशीत पुन्हा जोडावा लागला, आणि तोही एका सातवीतल्या मुलीमुळे. तेव्हा आज जे सांगणार आहे त्यात विज्ञान शिक्षकांना काही उणे दिसले तर त्यांनी सभेनंतर मला जरूर गाठावे.

सेमाडोह तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. परतवाड्याहून धारणीकडे जाताना घाट उतरला की सिपना नदीच्या काठी हे गाव लागते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग, आणि नदीच्या दोन्ही अंगांना सागाचेच रान आहे. 1973-74 साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाले, त्यांतल्या पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. आपण तिथे वाघ पाहायला जातो, पण तिथले कास्तकार कसे शेती करतात हे पाहायला फारसे कोणी जात नाही. तिथली जमीन उताराची, उथळ आणि मुरमाड आहे. पाऊस आपल्या मैदानापेक्षा कितीतरी जास्त पडतो, पण तो जमिनीत मुरत कमी आणि सिपनेत वाहून जास्त जातो. पंधरा दिवस पावसाने ताण दिला की मका माना टाकतो.

अशाच एका ताणाच्या वेळी मुलांना घेऊन मी शिवारफेरीला गेलो होतो. एका वावरात सगळा मका पिवळा पडला होता, पण मधोमध बैलगाडीएवढ्या जागेत तो हिरवा आणि कमरेच्या वर होता. मी विचारले, इथे खत जास्त पडले काय? ज्यांचे वावर होते त्यांची मुलगी वर्गात होती. ती म्हणाली, "नाही सर, इथे आमचे आधीचे घर होते. चूल इथेच होती." आम्ही बोटभर माती उकरली. माती काळी आणि मोकळी होती, तिच्यात कोळशाचे बारीक तुकडे होते आणि हाताला ओल लागली. शेजारच्या ओळीतली माती मात्र कोरडी ठण्ण होती.

एका चुलीच्या जागेवरून सिद्धांत मांडता येत नाही हे मला कळते. त्या जागेत राखही पडली असणार, शेणही, खरकटे पाणीही. हिरवेपणाचे श्रेय कोळशाला किती आणि खरकट्याला किती हे तेव्हा मला सांगता आले नसते आणि आजही सांगता येणार नाही. पण त्या मुलीने विचारले, "सर, मग सगळ्या वावरात चूल केली तर?" वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण मला उत्तर येत नव्हते. ते शोधायला मला दोन वर्षे लागली.

शोधताना कळले की हा प्रश्न त्या मुलीच्या आधी दूर देशातल्या शास्त्रज्ञांनाही पडला होता. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या जंगलात जमीन सगळी निकस, लाल-पिवळी आहे, पण तिच्यात जागोजागी काळ्या, कसदार मातीचे तुकडे सापडतात. विम सोम्ब्रोक नावाच्या डच मृदाशास्त्रज्ञाने 1966 साली ॲमेझॉनच्या जमिनींवर पुस्तक लिहिले आणि त्यात या मातीकडे लक्ष वेधले. ती काळी माती निसर्गाने केलेली नव्हती. शेकडो वर्षांपूर्वी, काही ठिकाणी दोन हजार वर्षांपूर्वी, तिथे राहणाऱ्या माणसांच्या हातून ती झाली होती. तिच्यात कोळसा, हाडे, उकिरड्याचा कचरा आणि फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या मिळतात. घरे गेली, माणसे गेली, पण कोळसा मातीत तसाच राहिला. शेतातल्या काडीकचऱ्यापासून मुद्दाम केलेल्या आणि जमिनीत घालण्यासाठीच केलेल्या अशा कोळशाला आता "बायोचार" म्हणतात.

आता विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी थोडे गणित. पालकांनीही ऐकावे, कारण पुढे पैशाची गोष्ट यावर येणार आहे.

पऱ्हाटीची काडी कशाची बनते? जमिनीतून ती पाणी आणि थोडे क्षार घेते, पण तिचा मुख्य ऐवज हवेतून येतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पान त्यातला कार्बन ठेवते. म्हणजे पऱ्हाटी ही एका अर्थाने घट्ट झालेली हवाच आहे. आपण ती धुऱ्यावर नेऊन पेटवली की तो सगळा कार्बन दोन तासांत परत हवेत जातो. तिच्यातले नत्रही धुराबरोबर जाते. राहते ती मूठभर राख. काडी पेटवली नाही, कुजू दिली, तरी तिचा बहुतेक कार्बन काही वर्षांत हवेतच जातो, फक्त सावकाश, आणि जाताना जमिनीतल्या जिवांना खाऊ घालून जातो.

तिसरा मार्ग कोळशाचा. काडीला उष्णता भरपूर दिली पण हवा पुरेशी दिली नाही, तर तिच्यातले वायू निघून जळतात आणि कार्बनचा सांगाडा शिल्लक राहतो. साडेचारशे ते सहाशे अंश उष्णतेत हा सांगाडा असा घट्ट बांधला जातो की मातीतल्या जंतूंना तो सहजासहजी खाता येत नाही. शंभर किलो वाळलेल्या पऱ्हाटीतून साधारण पंचवीस ते तीस किलो कोळसा मिळतो. अठ्ठावीस धरा. त्यात सत्तर टक्के कार्बन धरला तर तो झाला वीस किलोच्या जवळ. कार्बनचे वजन 12 आणि कार्बन डायऑक्साइडचे 44, म्हणून वीसला 44 ने गुणा आणि 12 ने भागा. उत्तर येते त्र्याहत्तर. म्हणजे शंभर किलो पऱ्हाटीचा नीट कोळसा करून जमिनीत घातला तर सुमारे त्र्याहत्तर किलो कार्बन डायऑक्साइडएवढा कार्बन हवेत जायचा थांबला. हवामानाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने 2019 साली हिशेबाची जी पद्धत दिली, तिच्याप्रमाणे एवढ्या उष्णतेत झालेल्या कोळशातला साधारण चार-पंचमांश कार्बन शंभर वर्षांनंतरही जमिनीत उरतो. आपण आज पुरलेले आपल्या पणतूंच्या वावरातही असेल.

जमिनीला याचा उपयोग काय? कोळशाचा तुकडा भिंगाखाली धरा, त्यात मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे दिसतील. चांगल्या उष्णतेत झालेल्या एका ग्रॅम कोळशाच्या या छिद्रांचे अंग उलगडून पसरले तर ते आपल्या वर्गाच्या फरशीपेक्षा मोठे भरते. त्यात पाणी थांबते, खताचे द्रव्य चिकटून राहते, जंतूंना बिऱ्हाड मिळते. कोळसा स्वतः खत नाही हे मात्र पक्के ध्यानात ठेवा. तो कोठार आहे. कोठार रिकामे असेल तर ते आधी तुमच्याकडचेच धान्य भरून घेईल.

हे मी अनुभवाने शिकलो. पहिल्या वर्षी आमच्या परसात मिरचीच्या दोन ओळींत मी कोरडा, नुसता कोळसा घातला आणि त्या दोन ओळी पिवळ्या पडल्या. अम्मीने रोज सकाळी त्या मिरच्यांकडे आणि मग माझ्याकडे पाहिले, बोलली काही नाही. कच्च्या कोळशाने जमिनीतले नत्र स्वतःकडे ओढून घेतले होते. पुढच्या वर्षी तोच कोळसा बारीक करून शेणात आणि गोमूत्रात तीन आठवडे भिजवून ठेवला, मग घातला. मिरची पिवळी पडली नाही. याहून मोठा दावा मी करत नाही. दोन ओळींची मिरची म्हणजे संशोधन नव्हे.

आता दुसरा अनुभव, आणि हा सांगायला मला आजही संकोच वाटतो. पण अब्बा समोर बसले आहेत. मी नाही सांगितला तर ते सांगतील.

आमचे वावर खाली मैदानात आहे. तिथे मी पहिला खड्डा केला तेव्हा कोळसा सुंदर झाला. वरून दोन बादल्या पाणी मारले, वाफ निघाली, मला वाटले विझला. संध्याकाळी चार पोती भरली आणि पावसा-दवाने भिजू नयेत म्हणून गोठ्यात, कुटाराच्या गंजीला टेकवून ठेवली. कोळसा वरून काळा दिसतो पण पोटात विस्तव धरून असतो, हे मला कोणी शिकवले नव्हते आणि मी कोणाला विचारलेही नव्हते. पहाटे अब्बा नमाजासाठी उठले तेव्हा त्यांना धुराचा वास आला. त्यांनी आधी बैल सोडले, मग हाका मारल्या. चाचांच्या घरची, शेजारची, सगळी माणसे बादल्या घेऊन धावली. बैल वाचले, गोठा वाचला, कुटाराची अर्धी गंजी गेली. उन्हाळ्यात कुटार विकत घ्यावे लागले. ज्याच्या घरी ढोरे आहेत त्याला याचा अर्थ समजेल.

अब्बा रागावले नाहीत. चहा घेताना एवढेच म्हणाले, "मास्टर, आग लावायची शिकलास. विझवायची कधी शिकणार?"

म्हणून कृती सांगताना मी पाण्यापासून सुरुवात करतो. खड्ड्याजवळ भरलेला ड्रम आणि सहा बादल्या तयार असल्याशिवाय काडी पेटवायची नाही. खड्डा उलट्या टोपीसारखा, वरून चार-पाच फूट रुंद आणि अडीच-तीन फूट खोल, खाली निमुळता. पऱ्हाटी अशी वाळलेली हवी की हाताने कडकन मोडली पाहिजे. वाकली तर ती धूर करील आणि कोळसा अर्धकच्चा राहील. तळाशी थोडी काडी रचून वरून पेटवावी. ती भडकली आणि काडीवर पांढरी राख दिसू लागली की वर दुसरा थर टाकावा, मग तिसरा. वरची ज्वाळा येणारी हवा खाऊन टाकते, त्यामुळे खालचा कोळसा जळून राख होत नाही. खड्डा भरला की भरपूर पाणी, इतके की खाली साचेल, आणि फावड्याने उलटून पुन्हा पाणी. मग तो उघड्यावर पसरून दोन दिवस ठेवावा. गोठ्यात नाही, घरात नाही. हात घालून थंड लागला तरच पोत्यात. फोडताना तो ओला असावा आणि तोंडाला रुमाल असावा, कारण त्याची धूळ छातीला वाईट. लहान मुलांना खड्ड्याजवळ येऊ देऊ नये.

या शंकूच्या आकाराच्या भट्टीचे रूप 2014 च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी रूढ केले. आपल्या देशातही काम झाले आहे. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने दोनशे लिटरच्या आसपासच्या लोखंडी ड्रमाची साधी भट्टी तयार केली आणि तीत पऱ्हाटी, तुराटी, मक्याची धाटे यांचा कोळसा करून पाहिला. आणि आपल्या महाराष्ट्रात तर पुण्याच्या "आरती" या संस्थेने, म्हणजे समुचित ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची भट्टी बसवली आणि त्या कामाला 2002 साली इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा मात्र जमिनीसाठी नव्हता, चुलीसाठी कांडीचा कोळसा होता. पण उसाच्या फडाला काडी लावून जे हवेत जात होते ते हातात कसे ठेवता येईल, हा विचार एकच.

त्याही मागे जायचे तर आपल्याला फार लांब जायला नको. आपल्या उत्तरेला इंदूर आहे. तिथल्या संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी 1924 ते 1931 या काळात काडीकचऱ्याचे खत करण्याची पद्धत बसवली, ती जगभर "इंदूर पद्धत" म्हणून गेली. पऱ्हाटीच्या कडक काड्या कुजत नाहीत ही अडचण त्यांनाही आली. त्यांनी काय करावे? त्या काड्या शेतरस्त्यावर पसरल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बंड्यांच्या चाकांखाली आणि बैलांच्या खुरांखाली त्या चिरडून निघाल्या, मग त्यांचे खत केले. मला ही युक्ती फार आवडते. आज बंड्या कमी झाल्या, पण ट्रॅक्टर तर आहेत!

तुम्ही म्हणाल, गुरुजी, आमच्या बापजाद्यांनी पऱ्हाटी जाळली, कुठे बिघडले? पूर्वी पऱ्हाटीचा काही भाग चुलीला, काही कुंपणाला, काही छपराला जाई. आता ती तुंबते. एका हेक्टरला साधारण दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. ती धुऱ्यावर रचून ठेवली तर तिच्यावर राहिलेल्या कवड्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या कपाशीवर उतरते. 2017 साली या अळीने विदर्भात काय केले ते सभेतल्या प्रत्येक कास्तकाराला आठवत असेल. फरदड घेऊ नका, पऱ्हाटी लवकर उपटा, असे कृषी खाते तेव्हापासून सांगत आले आहे. उपटून करायचे काय, यावर लोकांचे उत्तर काडेपेटी. माझे म्हणणे, काडेपेटी असू द्या, पण खड्ड्यात.

इथे एक गोष्ट माझ्या आईची. मी घरात मोठ्या उत्साहाने सांगितले की यंदा सगळ्या पऱ्हाटीचा कोळसा करायचा. अम्मी म्हणाली, "आणि मी चूल कशावर पेटवू? तुझ्या भाषणावर?" घरात गॅस आहे. पण सिलिंडर किती दिवस पुरवायचे हे तिलाच ठाऊक असते, आणि पाण्याचा हंडा, ढोरांचे आंबोण अजून चुलीवरच होते. ज्या घरांत वावर नाही, त्या घरच्या बाया दुसऱ्याच्या वावरातून पऱ्हाटी वेचून आणतात आणि त्यावर त्यांचा उन्हाळा जातो. आपण ती सगळी खड्ड्यात घातली तर हवा स्वच्छ होईल आणि त्या बाईला रानात मोळीसाठी चार कोस चालावे लागेल. तेव्हा आमच्या घरी असे ठरले: आधी चुलीचा वाटा बाजूला, मग मागायला येणाऱ्यांचा, आणि जी अखेरीस जाळलीच जाणार होती तेवढीच कोळशाला. कुटार, कडबा, हरभऱ्याचे भूस यांना तर हात लावायचा नाही, ते ढोरांचे आहे. जे सहज कुजते त्याचे खतच करावे. कोळसा फक्त पऱ्हाटी-तुराटीसारख्या कडक काडीचा.

आणि सेमाडोहच्या माझ्या विद्यार्थ्यांसाठी व त्यांच्या पालकांसाठी आणखी एक. रानातले एकही लाकूड यासाठी तोडायचे नाही. तो वनगुन्हा आहे, आणि उभे झाड तोडून कार्बन साठवणे हा हिशेबही खोटा आहे. घाणेरी, ज्याला आपण रायमुनिया म्हणतो, ती मेळघाटात माजली आहे आणि तिचा कोळसा चांगला होईल असे मलाही वाटते, पण व्याघ्र प्रकल्पातून ती आपल्या मनाने आणता येत नाही. वनखात्याचा आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून असा धरला जातो. त्या काळात रानाच्या गावी खड्डा पेटवूच नये. त्याआधीही वनरक्षकाला सांगून, गावठाणाजवळच, आणि वारा पडलेला असताना. मोहाच्या दिवसांत एक ठिणगी किती रान खाते हे तिथल्या मुलांना मी सांगायला नको.

आता सर्वांत अवघड प्रश्न. पीक वाढते काय? 2017 साली जगभरच्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. त्यात उष्ण प्रदेशांत सरासरी पंचवीस टक्के वाढ दिसली, थंड प्रदेशांत जवळजवळ काही नाही. हा आकडा ऐकून टाळ्या वाजवू नका. उष्ण प्रदेशांतल्या पुष्कळ जमिनी आम्ल आहेत, आणि कोळशाच्या अल्क गुणाने त्यांचा आंबटपणा कमी होतो म्हणून तिथे पीक वाढते. आपल्या वऱ्हाडाची काळी जमीन आधीच अल्कधर्मी, चुनखडीची. तिला तो फायदा मिळायचा नाही. अकोला-अमरावती-बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर माती तपासल्याशिवाय कोळसा घालूच नये, कारण त्याच्या राखेतही क्षार असतात. माती तपासायला आपल्याजवळ अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, 1969 पासून आहे. माझा अंदाज असा की लाभ झालाच तर सेमाडोहसारख्या उथळ, मुरमाड जमिनीत आधी दिसेल, कारण तिथे पाणी धरून ठेवणारे काहीतरी हवे आहे. काळी जमीन पाणी स्वतःच धरते.

शिवाय प्रमाणाचा हिशेब करा. प्रयोगांत हेक्टरी पाच-दहा टन कोळसा घालतात. एका एकराची पऱ्हाटी एक टनाच्या आसपास, तिचा कोळसा पावणेतीनशे किलोच्या जवळ. एकराला दहा टनांच्या प्रमाणाने नव्हे, पाच टन हेक्टरी धरून घालायचा म्हटले तरी दोन टन लागतो, म्हणजे सात-आठ वर्षांची सगळी पऱ्हाटी. चुलीचा वाटा काढला तर आणखी वर्षे. तेव्हा सगळ्या वावराची स्वप्ने पाहू नयेत. परसातला भाजीचा वाफा, संत्र्याच्या नव्या कलमाचा खड्डा, आंब्याचे आळे, अशा ठिकाणी शेणखताबरोबर घमेले-दोन घमेली घालावीत.

पैशाचीही गोष्ट आता आली आहे. जानेवारी 2025 मध्ये गुगल कंपनीने वराह नावाच्या भारतीय कंपनीशी करार केला आणि 2030 पर्यंत बायोचारमधून एक लाख टन कार्बन डायऑक्साइडएवढे श्रेय विकत घेण्याचे ठरवले. अशी बातमी आली की पाठोपाठ गावात कागद घेऊन माणसे येतात. मागे एक जण आमच्या गावी आला, कोणाचा ते सांगत नाही, आणि चाचांकडून दहा पानी करारावर अंगठ्यासाठी जागा दाखवू लागला. करार इंग्रजीत होता. चाचा चार इयत्ता उर्दू शिकलेले. त्यांनी कागद घडी करून ठेवला आणि म्हणाले, आमचा पोरगा बारावीला आहे, तो वाचेल मग पाहू. पोराने वाचला. किती वर्षे बांधिलकी, वजन कोण करणार, पैसे केव्हा, हे त्यात स्पष्ट नव्हते. तो माणूस पुन्हा आला नाही. चिटणीस साहेब, मी शिक्षणावर बोलत नाही असे कोणाला वाटत असेल तर ही गोष्ट त्यांच्यासाठी.

हा व्यवहार सगळाच खोटा आहे असे मी म्हणत नाही. मोजलेला कोळसा विकता येतो हे खरे आहे. पण मोजायचे कसे हे आपल्या मुलांना यायला हवे. मघाचे ते 44 आणि 12 चे गणित आठवीच्या मुलाला जमते.

म्हणून माझी संस्थेला आणि पालकांना एक विनंती आहे. सेमाडोहला एक आणि इथे मैदानात एक, अशा दोन जागी प्रत्येकी दोन गुंठे जमीन मुलांना एका हंगामासाठी द्यावी. इथल्या जागेसाठी अब्बांनी आमच्या वावराचा विहिरीकडचा तुकडा देऊ केला आहे. गोठ्यापासून लांब असावा एवढी त्यांची अट आहे. प्रत्येक जागी चार पट्टे पाडायचे: एकात काही नाही, एकात नुसते शेणखत, एकात नुसता कोळसा, एकात शेणखतात भिजवलेला कोळसा. सेमाडोहला मका, इथे मूग. मूग साठ-सत्तर दिवसांत हाती येतो, म्हणजे मुलांचा धीर सुटत नाही. ओल कधी किती राहिली, रोप केवढे झाले, दाणा किती भरला, हे दोन्हीकडच्या मुलांनी एकाच नमुन्याच्या वहीत लिहायचे आणि वह्या एकमेकांना पाठवायच्या. आपल्या घरी आपण उर्दू बोलतो, सेमाडोहची मुले कोरकू बोलतात. वही मराठीत राहील, म्हणजे दोघांनाही वाचता येईल. नुसत्या कोळशाचा पट्टा पिवळा पडला तर तेही लिहायचे. लपवायचे नाही. मी मिरची लपवली नाही.

जिने चुलीची जागा दाखवली ती मुलगी आता दहावीत आहे. सेमाडोहच्या वहीचे काम तिने मागून घेतले आहे. तिचे वडील म्हणतात, परीक्षेनंतर लग्नाचे पाहू. मी त्यांना म्हटले, मका निघेपर्यंत तरी थांबा, वही तिच्या हातची आहे. ते हसले आणि म्हणाले, मका निघेपर्यंत. त्यानंतर हरभरा असतो हे मी अजून त्यांना सांगितलेले नाही.

पऱ्हाटी जानेवारीत उपटली की वाळायला दोन-तीन आठवडे लागतात. खड्डा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, सकाळी आठ वाजता, आमच्या वावरात. सेमाडोहचा त्याच दिवशी, तुराटी आणि दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचा. ज्या पालकांना यायचे आहे त्यांनी पऱ्हाटीचा एक भारा आणावा, पण चुलीचा वाटा ठेवून. विद्यार्थ्यांनी सुती कपडे घालावेत, पायांत बूट असावेत. आणि प्रत्येकाने एक बादली आणावी. पाणी विहिरीचे आहे, बादल्या मोजून घ्यायला अब्बा स्वतः बांधावर उभे राहणार आहेत.